माळरानातील बागा : जालना परिसराचा एक मागोवा

बाग म्हटली की कोकणातल्या वाचकाच्या मनात नारळी-पोफळी उभ्या राहतात. वसईकराला केळीची आणि पानवेलीची वाडी आठवते. भरपूर पावसाच्या मुलखात बाग ही निसर्गाने सहज दिलेली देणगी वाटते. जालना जिल्ह्यात असे वाटण्याची सोय नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून गोदावरीच्या काठापर्यंत पसरलेल्या या प्रदेशात वर्षाकाठी साधारण सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही आपल्या लहरीने. काळी जमीन, मधूनच मुरमाड माळ, बाभूळ, बोर आणि निंब हे येथले मूळचे वैभव. अशा ठिकाणी सावलीचा आणि हिरवळीचा एखादा तुकडा दिसला, तर कोणीतरी कधीतरी पाणी अडवले असले पाहिजे, ते वाहून आणले असले पाहिजे आणि पुढे कित्येक वर्षे राखले असले पाहिजे, असे खुशाल समजावे. म्हणून या भागातील बागांचा इतिहास लिहायचा तर आधी पाण्याचा लिहावा लागतो, मग पाणी राखणाऱ्या हातांचा, आणि त्यानंतर बागेच्या फाटकाचा. त्या फाटकातून आत कोणाला येऊ दिले, हा प्रश्न इतर दोहोंइतकाच महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसून येईल.

आपली भाषाच याची साक्ष देते. ‘बाग’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि त्याच्याबरोबर ‘बागायत’ही आला. आपल्या गावच्या तलाठ्याला विचारले तर तो जमिनीचे दोन प्रकार सांगेल : पावसावर अवलंबून असलेली ती जिरायत आणि पाण्याखाली असलेली ती बागायत. म्हणजे जेथे पाणी पोहोचले, ती जमीन आपोआप बागेच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हौद, नहर, कारंजे हे शब्द त्याच वाटेने आले. त्यांच्या शेजारी मोट, पाट, वाफा, आळे हे शेतकऱ्याचे नेहमीचे शब्द नांदू लागले. राजाची बाग आणि कुणब्याचा मळा यांचे पाणी एकाच विहिरीचे असते, हे या शब्दांच्या शेजारावरूनही कळते.

मोती तलाव आणि मोतीबाग

कुंडलिका नदीच्या काठी वसलेले जालना हे जुने व्यापारी गाव. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. गावाचे नाव एका श्रीमंत जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून पडले, अशी आख्यायिका आहे. अकबराच्या दरबारातील विद्वान अबुल फजल याच्याकडे जालना काही काळ जहागीर म्हणून होते, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याच्याहून महत्त्वाचा माणूस म्हणजे जमशेदखान. काळी मशीद, तिच्यालगतचा हमामखाना आणि सराई ही याच अधिकाऱ्याची बांधकामे. गावाला पाणी मिळावे म्हणून त्याने मोठा तलाव बांधून घेतला आणि त्या तलावापासून जमिनीखालून नळ टाकून ठिकठिकाणच्या हौदांत पाणी खेळवले. हाच मोती तलाव. त्याच्या काठची मोतीबाग हे आज जालनेकरांचे सर्वांत परिचयाचे सार्वजनिक उद्यान आहे.

या व्यवस्थेचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी तलाव झाला, मग नळ, मग वाटसरूंच्या सराईतला आणि मशिदीच्या चौकातला हौद. तहान भागल्यावर जे पाणी उरले त्यावर झाडे वाढली. पुढे नळ नादुरुस्त झाले, एकेक हौद कोरडा पडत गेला आणि जुन्या लेखकांनी या व्यवस्थेची नोंद केली तोवर ती बहुतांशी निकामी झालेली होती. नळ फुटले तेव्हा गावावर मोठे संकट आले असेल असे नाही. विहिरी होत्या, आडही होते. परंतु दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे जेव्हा ठरेनासे होते, तेव्हा सार्वजनिक गोष्ट मरायला लागते.

1725 साली पहिल्या निजामाच्या आज्ञेवरून काबिलखानाने गावाच्या पूर्वेस किल्ला आणि त्याची गढी बांधली. गढीला मस्तगड म्हणतात. औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा अधिक निरोगी आहे, असे निजामाचे मत होते म्हणे. त्या गढीतही एक विहीर आहे आणि तिच्या आत दालने व सज्जे आहेत. उन्हाळ्याच्या काहिलीत राजपुरुष विहिरीच्या पोटात, पाण्याच्या सान्निध्यात बसत. सामान्य माणसाचा गारवा मात्र निंबाच्या सावलीपुरता होता.

तटाच्या आतील हिरवळ

जालन्याच्या शेजारी, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बागांची परंपरा अधिक वैभवाची आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी गाव वसवले आणि डोंगरातले पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. त्या नहर-ए-अंबरीवाचून पुढचे औरंगाबाद उभेच राहिले नसते. मोगल आमदनीत बिबी-का-मकबऱ्याभोवती चार भागांत विभागलेली, मधून पाण्याचे पाट खेळवलेली चारबाग आखली गेली. दिल्ली दरवाजाबाहेर हिमायत बाग झाली. तेथे आता कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे आणि जवळच सलीम अली सरोवर आहे. खुलदाबादला बनी बेगमची बाग आहे. तिच्या मध्यभागी कबर आहे. पाणचक्कीला दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणले, त्यावर जाते फिरवले आणि तेथे येणाऱ्या फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ दळले. एवढ्या साऱ्या वैभवात आम्हांस ते जातेच अधिक मोलाचे वाटते.

या साऱ्या बागांना उंच तट आहेत. ही गोष्ट योगायोगाची नाही. पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे एक शब्द आठवेल. जुन्या इराणी भाषेत भिंतीने वेढलेल्या उपवनाला जो शब्द होता, तो ग्रीकांनी उचलला. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा एदेन बागेसाठी तोच वापरला गेला आणि पुढे युरोपीय भाषांत त्याचा अर्थ ‘स्वर्ग’ असा झाला. म्हणजे ज्या शब्दाने आपण सुखधाम ओळखतो, त्याच्या पोटात मुळात भिंत आहे. आणि तरीही संत लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावरील प्रभूने त्या बागेत प्रवेश देण्याचे वचन दिले ते राजाला नव्हे, पुरोहितालाही नव्हे, शेजारी टांगलेल्या एका गुन्हेगाराला. भिंतीच्या आत कोणी यावे हा प्रश्न श्रद्धावंतांना नवा नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

‘आम’ लोकांची बाग

सर्वांसाठी उघडी बाग ही कल्पना आपल्याकडे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात रुजली. हैदराबादेस 1846 साली झालेल्या बागेचे नावच ‘बाग-ए-आम’ होते. खास लोकांची नव्हे, आम लोकांची बाग. मुंबईत 1862 साली व्हिक्टोरिया गार्डन्स खुली झाली. लोकांनी तिला राणीची बाग म्हटले. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते. त्याच मुंबईत शिवडीला कृषी-उद्यान संस्थेची जुनी बाग होती. 1865 च्या सुमारास ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली. आमच्या अनेक वाचकांचे आजे-पणजे त्याच भूमीत विसावले आहेत. प्रभू येशूला ज्या कबरेत ठेवले ती बागेत होती, असे संत योहान सांगतो. बागेची दफनभूमी होणे हे त्या अर्थाने आपल्याला परके वाटत नाही.

जालन्याचा संबंध या नव्या काळाशी आला तो लढाईच्या वाटेने. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईची लढाई झाली. ते असई आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. त्याच महिन्याच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जालन्याचा किल्ला घेतला होता. पुढे 1827 साली गावाच्या पूर्वेस छावणी वसली आणि हैदराबाद कंटिंजंटची पलटण तेथे राहू लागली. छावणीबरोबर रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि बंगल्यांची आवारे आली. 1903 मध्ये कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व संपले, पलटण गेली. पण गावाबाहेर मोकळ्या हवेत फिरायला जाण्याची रीत छावण्यांनी मागे ठेवली. त्या काळी गोऱ्या साहेबाच्या बँडस्टँडजवळ देशी माणसाला कितपत मोकळीक असे, हा प्रश्न मात्र उरतोच.

फाटकाबाहेरची माणसे

बाग ‘आम’ झाली तरी सगळी माणसे ‘आम’ या शब्दात मावत नव्हती. तळी खणणारे, विहिरींचा दगड फोडणारे, बांधासाठी माती वाहणारे हात ज्या समाजांचे होते, त्यांनाच त्या विहिरीवर घागर भरण्याची मनाई होती. याच मुलखात एका ख्रिस्ती माणसाने वेगळा प्रयोग केला. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक म्हणून ते जालन्यास आले. त्यांच्याकडे आलेल्या लोकांत मातंग समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तेथे बेथेल नावाचे गाव वसवले. बेथेल म्हणजे देवाचे घर. याकोबाने दगड उशाला घेऊन जेथे रात्र काढली, त्या जागेचे नाव. शेषाद्री 1891 साली वारले.

ते आपल्या पंथाचे नव्हते. परंतु गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला स्वतःच्या हक्काच्या जमिनीत, स्वतःच्या हक्काच्या पाण्याशेजारी उभे करावे, ही त्यांची धडपड कोणत्याही पंथाच्या माणसाने आदराने आठवावी अशी आहे. मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांचा इतिहासही फार निराळा नाही. घोगरगावच्या मिशनपासून सुरू झालेल्या कार्यातून, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मिशनऱ्यांच्या श्रमांतून जी मंडळी ख्रिस्तसभेत आली, तीही बहुतांशी भूमिहीन होती. 1977 मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्र झाला आणि जालना त्यात आले.

सार्वजनिक या शब्दाची खरी कसोटी महाडला लागली. 1923 साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या ठरल्या. ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर न्यायालयाचा अनुकूल निकाल हाती यायला 1937 साल उजाडावे लागले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो ठराव येथे लागू नव्हता. हे राज्य 1948 मध्ये भारतात विलीन झाले आणि 1950 च्या संविधानाने तळी, रस्ते व सार्वजनिक जागा सर्व नागरिकांना खुल्या असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. आज मोतीबागेच्या बाकावर कोणीही कोणाशेजारी बसतो. हे बसणे आपल्याला इतके साधे वाटते की त्याची किंमत कोणी, केव्हा मोजली, हे आपल्या मुलांना सांगायचे राहून जाते.

मोसंबी आणि गाळ

या जिल्ह्याची खरी बाग आज शेतात आहे. जालना म्हणजे मोसंबी, हे समीकरण महाराष्ट्रभर ठाऊक आहे. बदनापूरला मोसंबी संशोधनाचे केंद्र आहे आणि जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मोसंबी हे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून आले, असे मानतात. पेरू, अननस, पपई, सीताफळ ही मूळची अमेरिकेतील फळे पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे पोहोचली, आणि गोव्यातील जेझुइटांनी आंब्याच्या कलमांचा प्रसार केला. आपल्या परसातली निम्मी झाडे अशी परदेशातून आलेली आणि येथे रुजून इथलीच झालेली आहेत.

मोसंबीच्या बागेचे एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. बहर धरण्यासाठी झाडाला काही आठवडे पाण्याचा ताण द्यावा लागतो. पाने पिवळी पडू लागतात. मग आळ्यात पाणी सोडले की झाड फुलते. हा ताण शेतकऱ्याने मोजूनमापून दिलेला असतो. दुष्काळ मात्र मोजून येत नाही. 1972 चा दुष्काळ आमच्या मागच्या पिढीने खडी फोडून आणि सुकडी खाऊन काढला. 2012-13 साली पुन्हा तशीच वेळ आली. जालना हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. विकतच्या टँकरवर बागा जगवण्याची धडपड झाली आणि तरीही कित्येकांना वर्षानुवर्षे वाढवलेल्या झाडांवर स्वतःच कुऱ्हाड चालवावी लागली. पोटच्या पोरासारखे वाढवलेले झाड तोडणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले त्याला सांगावे लागत नाही.

त्याच काळात जालन्याने आणखी एक गोष्ट शिकवली. शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा जलाशय निजामाच्या काळातला. आज तो संत गाडगेबाबा जलाशय या नावाने ओळखला जातो. अनेक दशकांच्या गाळाने त्याचे पोट भरून गेले होते. घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने व्यापारी, उद्योजक आणि सामान्य नागरिक यांनी वर्गणी काढली आणि गाळ उपसण्यास आरंभ केला. शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या खर्चाने शेतात नेऊन टाकला. तळ्याला खोली मिळाली आणि माळाला माती मिळाली. 2017 मध्ये राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. तिच्यामागचा विचार जालनेकरांना आधीच हाताने करून ठाऊक झाला होता. जमशेदखानाचे नळ ज्या कारणाने बुजले, त्याच कारणावर केलेला हा उपाय होता : दुरुस्ती आपलीच आहे, असे गावाने ठरवले.

कागदावरची बाग

पाणी राखले तरी जागा राखावी लागते. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला. बियाणे, पोलाद अशा उद्योगांनी शहर वाढले आणि 2023 मध्ये तेथे महानगरपालिकाही आली. शहर वाढते तेव्हा विकास आराखड्यात बागेसाठी काही जागा हिरव्या रंगाने दाखवल्या जातात. तो हिरवा रंग कायमचा असतो, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या 127 व्या कलमानुसार, आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही, मालकाने रीतसर नोटीस दिली आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर ते आरक्षण संपते. मालकावर अन्याय होऊ नये हा या तरतुदीचा हेतू रास्तच आहे. पण नगरपालिका निजलेली आणि नागरिक बेसावध असले, तर मुलांची बाग कोणाच्याही नकळत नकाशावरून पुसली जाते.

याच्या उलट घडलेले उदाहरणही आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली एक जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. शेजारच्या रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की लोकांच्या उद्यानासाठी राखलेली मोकळी जागा अशा रीतीने दुसऱ्या कामासाठी देता येणार नाही. दवाखाना ही वाईट गोष्ट नव्हे. तथापि, मोकळी हवा ही सुद्धा आरोग्याचीच बाब आहे आणि ती ज्यांना विकत घेता येत नाही, त्यांच्यासाठी शहराने ती राखली पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आम्ही समजतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच दुःख मांडले आहे. सुंदर जागा खासगी होत जातात, काही थोड्यांच्या वस्त्या हिरव्या राहतात आणि समाजाने दूर लोटलेल्यांच्या वाट्याला उजाडपणा येतो, असे त्यांनी लिहिले.

वाचकहो, संत योहानच्या शुभवर्तमानातील पुनरुत्थानाची पहाट आपण दरवर्षी ऐकतो. रिकाम्या कबरेपाशी रडणाऱ्या मरिया माग्दालेनाला समोर उभा असलेला प्रभू माळी वाटला. पुष्कळ भाष्यकारांनी या गैरसमजाचा गोड अर्थ लावला आहे : आदामाने गमावलेली बाग पुन्हा लावणारा माळीच तो. आम्हांला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. त्या पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, बागेत कोणी कामाला आला असेल तर तो माळीच असणार, हे मरियेला स्वाभाविक वाटले. सर्वांच्या आधी येणारा आणि कोणाच्याही लक्षात न राहणारा असा माळी प्रत्येक सार्वजनिक बागेत असतो. त्याचा पगार वेळेवर होतो की नाही, त्याला पाणी मिळते की नाही, यावर त्या बागेचे आयुष्य ठरते.

आपल्या धर्मग्रामांना यातून काही करता येण्यासारखे आहे. चर्चच्या आवारातली जुनी विहीर बुजवण्याआधी ती उपसून पाहावी. दफनभूमीच्या कडेने निंब, चिंच, करंज लावून पहिली तीन वर्षे त्यांना पाणी घालण्याची पाळी कुटुंबागणिक वाटून द्यावी. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांची सहल एकदा आपल्या गावच्या सार्वजनिक बागेत न्यावी आणि तेथल्या माळ्यालाच चार गोष्टी सांगायला उभे करावे. आणि आपल्या गावच्या विकास आराखड्यात बागेची जागा कोठे आहे, तिची मुदत केव्हा भरते, हे पालिकेत जाऊन पाहून येण्याचे काम धर्मग्राम मंडळातील एखाद्याने अंगावर घ्यावे. अर्ज साधा असतो, फार तर दोन खेपा पडतात. ती जागा आपल्यापैकी कोणाच्याच मालकीची नसते, आणि म्हणूनच तिची चौकशी करायला कोणीतरी जावे लागते.